दीपमालाताईंचं रजिस्टर

दीपमाला मुनेश्वर माझ्याकडे नोकरी मागायला आल्या, तेव्हा त्यांना घ्यायचं नाही असं मी मनात जवळपास ठरवूनच टाकलं होतं.

माझं सेंटर तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. दिग्रसला मार्केट यार्डाच्या रस्त्यावर आमच्या वडलांचं, बापूजींचं, कापसाच्या अडतीचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर पूर्वी रिकामा बारदाना पडलेला असायचा. पुण्यात सात वर्षं नोकरी करून मी परत आलो, तो बारदाना हलवला, आठ टेबलं टाकली, इन्व्हर्टर बसवला आणि नागपूरच्या एका कंपनीकडून काम घेतलं. ऑस्ट्रेलियात लांबलांब रस्त्यांवर, आडगावांत, छोटी छोटी मोटेलं असतात. ट्रकवाले, फिरस्ते, हंगामाची माणसं तिथे मुक्काम करतात. चालवणारे बहुतेक नवरा-बायको दोघंच. खोल्या झाडायच्या, चादरी धुवायच्या, स्वयंपाक करायचा, त्यात फोनपाशी कोण बसणार? म्हणून त्या मोटेलांचे फोन आमच्याकडे वाजायचे. सकाळी सात ते दुपारी तीन आमची पाळी, म्हणजे त्यांची दुपार आणि संध्याकाळ. खोली आहे का, किती वाजता यायचं, चावी कुठे ठेवलीय, असे प्रश्न. पलीकडच्या माणसाला वाटायचं, मुलगी समोरच्या काउंटरवरूनच बोलतेय.

ताई आल्या तेव्हा एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. अंगावर सुती साडी, हातात प्रमाणपत्रांची फाइल. एम.ए. इंग्रजी. अकरा वर्षं एका इंग्रजी शाळेत शिकवलेलं. ती शाळा बंद पडली होती.

"थोडं इंग्रजीत बोलून दाखवा," मी म्हणालो.

त्या बोलल्या. व्याकरण चोख, शब्द सुटे सुटे. पण सूर आपला वऱ्हाडी, आणि आवाज एवढा की खाली बापूजींच्या दुकानात बसलेल्यांनी वर पाहिलं असावं.

"आवाज जरा मोठा आहे तुमचा."

"बाबा चाळीस वर्षं कापसाच्या जिनात होते," त्या म्हणाल्या. "सरकी काढायच्या मशिनीनं त्यायचे कान गेले. घरी आम्ही सगळेच असे बोलतो. कमी करीन मी."

बापूजींना विचारलं, तर ते म्हणाले, "उकंड्याची पोरगी का ते? त्यानं जिनात आपल्या मालाच्या गाठी वाह्यल्या रे. मेहनती लोक आहेत. घे."

खरं सांगायचं तर अर्ज तीनच आले होते, म्हणून मी घेतलं. दुसऱ्या दोघांत एक विक्की, नेरचा, हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केलेला. आणि दुसरी सलोनी, दिग्रसचीच, बावीस वर्षांची, अमेरिकन मालिका पाहून पाहून इंग्रजी पक्कं केलेली.

दुसऱ्याच आठवड्यात सलोनीनं एक फोन ताडकन ठेवून दिला आणि रडायच्या बेतात आली.

"काय झालं?"

"सर, तो म्हातारा घाण बोलून राह्यला."

विचारलं तेव्हा कळलं, तो माणूस म्हणाला होता की काल सात नंबरच्या खोलीत मी माझे थाँग्ज विसरलो, पलंगाखाली आहेत का पाहायला सांग. सलोनीच्या माहितीत थाँग म्हणजे चिंधीएवढी चड्डी. माझ्याही माहितीत तेच होतं. मी म्हणालो, नंबर ब्लॉक करून टाक.

ताईंनी हेडफोन काढून ठेवला. "किती वर्षाचा माणूस होता?"

"सत्तरीचा असन."

"सत्तरीचा माणूस मोटेलात फोन करून नातीएवढ्या पोरीले असं कायले सांगन? त्याच्या मनात दुसरं काही असन. मी इचारतो."

त्यांनी सरळ त्या मोटेलच्या मालकिणीला, लॉरेनबाईंना, फोन लावला. काहीही आडपडदा न ठेवता विचारलं की थाँग्ज म्हणजे तुमच्याकडे काय. पलीकडून हसण्याचा असा गडगडाट झाला की तो आम्हाला ताईंच्या हेडफोनमधून ऐकू आला.

"स्लिपर!" ताई फोन ठेवून म्हणाल्या. "पायातली रबरी स्लिपर. बिचारा अनवाणी गेला गाडी चालवत."

त्यांनी त्या माणसाला परत फोन करून माफी मागितली आणि स्लिपर पार्सलनं पाठवायची सोय केली. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी शाळेतलं एक कोरं हजेरी-रजिस्टर आणलं. मुलांची नावं लिहायच्या जागी त्यांनी शब्द लिहायला सुरुवात केली, आणि तारखांच्या रकान्यांवर देश: इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. शेवटचा रकाना होता 'आपल्याकडे'. कारण आपण जे इंग्रजी शाळेत शिकतो, त्यातही प्रत्येक शब्दाला एक अर्थ चिकटलेला असतोच, आणि तोच आधी डोक्यात येतो.

मला ते शाळामास्तरी खूळ वाटलं. कंपनीनं आम्हाला चाळीस पानांचं पुस्तक दिलेलं होतं. कोणता प्रश्न आला की कोणतं उत्तर द्यायचं, सगळं त्यात होतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"पुस्तकात आपण काय बोलायचं ते आहे, नयन सर," ताई म्हणाल्या. "ते लोक काय बोलतात ते कुठे आहे?"

त्याचं उत्तर आठवडाभरातच मिळालं. एका कुटुंबानं फोनवर विचारलं की तुमच्याकडे टी मिळेल का. सलोनी म्हणाली, हो, खोलीत किटली आहे, पुड्या आहेत, दूध फ्रीजमध्ये. ती माणसं दोन लहान मुलांना घेऊन रात्री पोचली, तेव्हा मोटेलचं स्वयंपाकघर बंद झालेलं. त्यांच्या बोलण्यात टी म्हणजे संध्याकाळचं जेवण होतं. मुलं बिस्किटं खाऊन झोपली. ताईंनी तो शब्द रजिस्टरात लिहिला आणि पुढे लिहिलं, 'विचारून घ्या: प्यायचा की जेवायचा?'

शब्द एकदा कळला की झालं, असंही नव्हतं. लॉरेनबाईंकडून आम्हाला कळलं होतं की पिस्ड म्हणजे दारू चढलेला. विक्कीनं ते पाठ करून ठेवलं. मग एका पर्यटक बाईंचा फोन आला, खोलीचा घोळ झाला होता, आणि त्या म्हणाल्या की आय ॲम रिअली पिस्ड. विक्कीनं मालकाला निरोप दिला, गिऱ्हाईक प्यालेलं आहे. मालकानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. बाई अमेरिकन होत्या. त्यांच्याकडे त्याचा अर्थ फक्त संतापलेली. आधी होत्या त्याच्या दुप्पट संतापल्या.

विक्की दिवसभर तोंड पाडून बसला. ताईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. "तुयी चूक नाही रे. शब्द बरोबर ऐकला तू. माणूस कुठचा आहे ते ऐकायचं राह्यलं."

त्या दिवसापासून त्यांनी आम्हा सगळ्यांना एक सवय लावली. फोन उचलला की पहिली दोन वाक्यं कामाची नाहीत, कानाची. माणूस 'आर' कसा म्हणतो, 'डे' म्हणतो की 'डाय'सारखं काही म्हणतो, ते ऐकायचं. मग अर्थ लावायचा.

रजिस्टर भरत गेलं. एका शब्दापुढे मात्र ताईंनी अर्थ लिहिलाच नाही. सलोनीनं एका गिऱ्हाइकाशी क्रिकेटच्या गप्पा मारताना सांगितलं होतं की मी तुमच्या टीमसाठी रूट करते, म्हणजे टीमच्या बाजूनं आहे. अमेरिकन मालिकांत असंच म्हणतात. तो माणूस हसून हसून खोकायला लागला. ताईंनी लॉरेनबाईंना विचारलं, ऐकून घेतलं, कानापर्यंत लाल झाल्या, आणि रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं, 'ऑस्ट्रेलियात हा शब्द तोंडातून काढायचा नाही.' सलोनीनं अर्थ विचारला, तर म्हणाल्या, "लग्न झालं की सांगीन."

एकदा दुपारी काम संपल्यावर आम्ही गॅलरीत उभे होतो. खाली कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. मी विचारलं, "ताई, तुम्हाला हे एवढं कसं सुचतं?"

"मी पुण्याले बी.एड. केलं ना," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी होस्टेलच्या मेसवाल्या बाईले मी म्हटलं, वरणावर थोडा सांबार टाका. तिनं माह्या वरणात वाटीभर इडलीचं सांबार ओतलं. मले कोथिंबीर पायजे होती. दुसऱ्या दिवशी सांगतलं, आजोबा बंडी घेऊन वावरात जाते. पोरी हसून लोळल्या. आपली बंडी म्हणजे बैलगाडी, त्यायले वाटलं, म्हातारा हातात बनियन घेऊन कुठे फिरते. महिनाभर 'बंडी' हेच माहं नाव होतं."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करायचं? मी एक वही केली. एका बाजूले त्यायचा शब्द, एका बाजूले माहा. दोन्ही बरोबर. मले त्यायचा येत होता, त्यायले माहा येत नव्हता, म्हणजे माह्याजवळ एक जास्त झाला ना?"

पुण्यात पहिल्या महिन्यातच मी 'मले-तुले' सोडून दिलं होतं. आईचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचो. हे मी त्या दिवशी ताईंना सांगितलं नाही. पण त्यांच्याकडे पाहायची माझी नजर तिथून बदलली.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेअकरा झाले होते, कूलर घरघरत होता. सगळे फोनवर गुंतलेले, म्हणून एक फोन मीच घेतला. लॉरेनबाईंच्या मोटेलमधला बारा नंबर. जाड, थकलेला आवाज. नाव डग. आणखी एक रात्र राहायचंय म्हणाला. संध्याकाळचं जेवण सांगितलं होतं ते नको. मग म्हणाला, "आय ॲम प्रिटी क्रूक, मेट. जेवणापासून क्रूक आहे. हातही क्रूक." आणि शेवटी, कोणी खोलीत येऊ नका, मी पडून राहतो.

क्रूक म्हणजे चोर, लबाड, हे मला शाळेपासून माहीत. हा माणूस स्वतःला चोर म्हणतोय, हातही चोर आहे म्हणतोय, म्हणजे काहीतरी विनोद. मी हसलो, हो हो म्हणालो, फोन ठेवला आणि नोंद केली: 'एक रात्र वाढवली. जेवण रद्द. खोलीत कोणी जाऊ नये. गिऱ्हाईक विनोदी, स्वतःला चोर म्हणाले.'

दहा मिनिटांनी ताई माझ्या टेबलाशी आल्या. सगळ्यांच्या नोंदी त्या तपासायच्या. ते काम मीच त्यांना दिलं होतं.

"नयन सर, चोर हा शब्द त्यानं कोणता म्हटला?"

"क्रूक."

"रजिस्टरात नाही आपल्या हा," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डिंग लावा."

मला जरा राग आला. मालक मी, आणि माझ्याच नोंदीची तपासणी. पण लावलं. ताईंनी डोळे मिटून ऐकलं. हाताच्या वाक्याला थांबवून परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी स्वतःचा डावा हात उजव्या हातानं धरला होता, हे मला आठवतं.

"हा हसून नाही राह्यला सर. याचा दम पाहा. दोन शब्दायच्या मधात श्वास घेऊन राह्यला. चोराचा हात चोर असन, पण जेवणापासून चोर कसा असन?"

मी खुर्चीतून उठलो.

त्यांनी शब्दकोश उघडण्यात वेळ घालवला नाही. एका फोनवरून बारा नंबर लावला आणि दुसऱ्यावर लॉरेनबाईंचा मोबाइल लावून तो माझ्या हातात दिला. "तिले इचारा, क्रूक म्हणजे काय. आणि ती कुठे आहे."

लॉरेनबाई बाजारात होत्या, मोटेलपासून अर्ध्या तासावर. नवरा मेंढ्यांच्या कामाला बाहेरगावी. मी विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "क्रूक? आजारी. का, कोण आहे आजारी?"

मी मोठ्यानं ओरडलो, "ताई, आजारी! क्रूक म्हणजे आजारी!"

तिकडे बारा नंबर वाजत होता. बऱ्याच वेळानं डगनं उचलला. ताईंनी विचारलं, कसं वाटतंय. तो म्हणाला, आय ॲम राइट, लव्ह, छाती जरा जड आहे, एवढंच.

"राइट म्हणजे मी बरा आहे म्हणते," ताई मला म्हणाल्या, "पण खोटं बोलून राह्यला. लॉरेनले सांगा, ॲम्ब्युलन्स बोलाव. छाती, हात आणि दम. असंच सांगा."

लॉरेनबाई क्षणभर अडखळल्या. डगला त्या वर्षानुवर्षं ओळखत होत्या, डॉक्टरचं नाव काढलं की तो चिडायचा. मी पुन्हा सांगितलं, छाती, हात आणि दम. मग त्यांनी हो म्हणून फोन ठेवला.

लगेच त्यांनी उलट कळवलं, ॲम्ब्युलन्स पोचायला वीस मिनिटं लागतील. बारा नंबरमध्ये तो एकटा, आणि त्याच्याशी जोडलेला एकच धागा, आमच्या दिग्रसच्या खोलीतला हेडफोन.

ताईंनी त्याला सांगितलं, दाराची कडी काढून ठेवा आणि भिंतीला टेकून खाली बसा. ते त्यानं केलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग धाप. मग शांतता.

"डग," ताई म्हणाल्या. आमच्याकडे यायच्या आधीचा, घरातला, मोठा आवाज. गेले सहा महिने त्यांनी तो दाबून ठेवला होता. "डग! तुम्ही काय काम करता? मला सांगा."

"ट्रक चालवतो," तो म्हणाला.

"ट्रकमध्ये काय असतं?"

"कापूस. शेतातून जिनात नेतो."

तो जीनच म्हणाला. तोच शब्द. आमच्या खोलीत सगळ्यांनी आपापले फोन संपवले होते, आणि सगळ्यांनी तो ऐकला, कारण ताईंनी स्पीकर लावला होता. आपण दिग्रसला जो शब्द रोज म्हणतो, तोच शब्द तो माणूस तिकडे धापा टाकत म्हणत होता, अगदी त्याच अर्थानं. एवढे शब्द वाटेत बदलले, हा नव्हता बदलला.

"माझे वडील जिनात होते," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं."

"कुठल्या जिनात?"

"इंडियातल्या. मी इंडियातून बोलतेय, डग."

कंपनीचा नियम होता की आपण कुठून बोलतो ते सांगायचं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर मी मान हलवून हो म्हटलं असतं.

"काय करायचे वडील?" त्यानं विचारलं.

"गाठी वाहायचे. पाठीवर."

"पाठीवर?" तो म्हणाला. "देवा. आमच्याकडे गाठ मशीननं उचलतात." मग थोडं थांबून, "कणखर माणूस."

"हो. अजून आहेत. कान गेलेत, पण आवाज पाहा माझा, त्यांच्यामुळे असा आहे. ऐकू येतंय ना?"

तो हसला. नीट नाही, पण हसला.

मग त्या त्याला विचारत राहिल्या. तुमच्याकडे कापूस कधी वेचतात. मशीन किती ओळी घेतं. पावसात भिजला तर काय करता. तो एकेका शब्दात उत्तर देत राहिला. मध्ये तो गप्प झाला की ताई त्याचं नाव घेऊन पुन्हा विचारायच्या, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तसं, न रागावता आणि न सोडता. सलोनी भिंतीला टेकून रडत होती. विक्की घड्याळाकडे पाहून बोटांनी मिनिटं दाखवत होता. आवाज ऐकून बापूजी जिना चढून वर आले होते आणि दारातच उभे राहिले होते.

अठराव्या मिनिटाला पलीकडे दार उघडलं. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "डग, मी आलोय, हलू नकोस." मग पेटी उघडल्याचे, पट्ट्यांचे आवाज. शेवटी एका बाईनं फोन उचलला आणि विचारलं, पलीकडे कोण आहे?

"मोटेलचं रिसेप्शन," ताई म्हणाल्या.

"त्याच्याशी बोलत राहिलात ते फार बरं केलंत," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

ताईंनी हेडफोन काढला, टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. बापूजींनी माठातून पाणी आणलं. आयुष्यात मी बापूजींना कोणासाठी पाणी आणताना पाहिलं नव्हतं.

"घ्या, मॅडम," ते म्हणाले.

संध्याकाळी लॉरेनबाईंचा निरोप आला. हृदयविकाराचा झटका होता. डगला विमानानं मोठ्या गावच्या दवाखान्यात नेलं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, सकाळपर्यंत कोणी दार उघडलं नसतं तर नंतर उघडून उपयोग झाला नसता. सकाळपर्यंत कोणीही दार उघडणार नव्हतं, कारण माझी नोंद तशी होती.

दोन दिवसांनी नागपूरहून मेल आली. कंपनीनं माझं अभिनंदन केलं होतं, सेंटरच्या प्रमुखाच्या प्रसंगावधानाबद्दल, आणि घडलेल्या प्रकाराचा अहवाल मागितला होता. मी तो अहवाल तीन वेळा लिहिला. पहिल्या दोन्ही वेळा मी असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटावं, आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. तिसऱ्यांदा नीट लिहिलं. फोन मी घेतला होता. शब्द मला कळला नाही. न कळलेलं मी विनोद म्हणून नोंदवलं. माणूस वाचला तो दीपमाला मुनेश्वर यांच्यामुळे. पाठवण्याआधी ताईंना वाचायला दिलं.

त्यांनी शिक्षिकेसारखं बोट ठेवून वाचलं. "'न कळलेलं' लिहिलं ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "नवीन पोरायले पहिलं हेच सांगायला पायजे. नाही कळलं, तर नाही कळलं असं लिहा. त्यात काय लाज?"

कंपनीनं पुढे ताईंना नवीन मुलांना शिकवायला नागपूरला कायमचं बोलावलं. त्या म्हणाल्या, महिन्यातून चार दिवस येईन, बाकी दिग्रसहून करीन, घरी बाबा आहेत. कंपनीनं ते मान्य केलं. पहिल्या वर्गाला मी त्यांना गाडीनं सोडायला गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. साठ मुलं-मुली होती. वणीची, मुकुटबनची, वर्ध्याची. ताई त्यांच्याशी निम्मं इंग्रजीत बोलल्या आणि निम्मं आपल्या बोलीत, आणि बोलीत बोलताना त्यांचा आवाज जराही खाली गेला नाही. दुपारपर्यंत ती मुलंही आपापल्या गावासारखी बोलायला लागली होती.

डगचा फोन आला तो जुलैत. त्यानं लॉरेनबाईंकडून आमचा नंबर घेतला होता. सलोनीनं उचलला आणि उठून ओरडली, "ताई! डग!"

तो आभार मानायला लागला. जुना ट्रकवाला माणूस, त्याला ते नीट जमेना, दर वाक्याला घसा खाकरत होता. ताईंनी त्याला फार वेळ अवघडू दिलं नाही.

"डग, मला मदत कराल?" त्या म्हणाल्या. "क्रूक आणखी कशाकशाला म्हणतात तुमच्याकडे?"

तो खूश झाला. म्हणाला, गुडघा क्रूक असतो. हवा क्रूक असते. जेवण क्रूक असतं, विशेषतः दवाखान्यातलं. कोणावर चिडलं तरी क्रूकच म्हणतात. ताई भराभर लिहीत होत्या. मग त्यानं विचारलं, "तुमच्याकडे काय म्हणतात, माणूस आजारी असला की?"

"आमच्याकडे म्हणतात, जीव बरा नाही."

"जीव," तो म्हणाला. त्याला तो शब्द चांगला जमला. "जीव म्हणजे काय?"

ताईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकून त्याला सांगायला सुरुवात केली. ते सांगून व्हायला बराच वेळ लागला. मधे दोन फोन वाजले, ते मी घेतले.